कॉइल बदलण्याआधी: जुन्या मोटरसायकलच्या इग्निशनची तयारीची यादी

जुनी गाडी मिसिंग करायला लागली की संशयाची सुई आधी कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या डबीकडे वळते. नवी कॉइल येते, बसते, आणि बऱ्याचदा मिसिंग जिथल्या तिथे राहतं, कारण खराबी प्लग कॅपमध्ये (प्लगवर बसणाऱ्या टोपीत) असते, किल स्विचमध्ये (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणात) असते किंवा कंडेन्सरमध्ये. म्हणून या तयारीचा मोठा भाग कॉइल काढण्याआधीचा आहे. काढायचं आणि बसवायचं काम शेवटी दोन बोल्ट आणि दोन-तीन वायरींचं असतं.

सुरुवात करा ती गाडीत कोणतं इग्निशन आहे हे नक्की करून. पॉइंट-कंडेन्सर (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे उघडझाप करणारे संपर्क), ट्रान्झिस्टरवर चालणारं टीसीआय आणि कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर चालणारं सीडीआय ही तीन घराणी वेगळी आहेत आणि त्यांच्या कॉइली एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पॉइंट आणि टीसीआयच्या कॉइलला दोन बारीक टर्मिनल असतात: एकावर चावी लावली की बॅटरीचा पुरवठा येतो, दुसरं पॉइंटला किंवा इग्नायटरला (टीसीआयच्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जातं. सीडीआयच्या कॉइलला बहुतेक वेळा एकच बारीक वायर असते आणि अर्थ (अर्थिंग) लोखंडी गाभ्यातून, म्हणजे बसवायच्या बोल्टमधूनच मिळतो. आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातले प्रायमरी (कमी व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) व सेकंडरीचे (प्लगकडच्या जास्त व्होल्टच्या गुंडाळीचे) ओहम कागदावर उतरवून घ्या. ते मिळेपर्यंत ढोबळ अंदाज असा: 12 व्होल्टची पॉइंटवाली कॉइल प्रायमरीला साधारण 3 ते 5 ओहम, 6 व्होल्टची त्याहून बरीच कमी, टीसीआय 2 ते 4, सीडीआय 1 ओहमच्या आत. सेकंडरी मात्र काही हजार ओहमांपासून 15-20 हजारांपर्यंत कुठेही असू शकते, तिथे अंदाजाने निकाल देऊ नये.

हत्यारं फार लागत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, आपल्या प्लगच्या मापाचा प्लग पाना, 8, 10 आणि 12 मिलिमीटरचे गोटी पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), वायर सोलायची आणि क्रिंप करायची पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि पेन. जपानी गाडी असेल तर तिचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात आणि मग अर्धा दिवस एका स्क्रूत जातो. सामानात नवे प्लग, नव्या प्लग कॅप, तांब्याच्या गाभ्याची 7 मिलिमीटर एचटी (हाय टेन्शन, कॉइलमधून प्लगला जाणारी) वायर, बुलेट टर्मिनल, हीट श्रिंक नळी आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस आधीच आणून ठेवा. कार्बन गाभ्याची कारची वायर आणू नका. स्क्रूसारखी आत घुसणारी कॅप तिच्यात पकडच घेत नाही.

टाकी बहुतेक वेळा काढावीच लागते. पेट्रोलचा नळ बंद करा, नळी काढा, टाकी दूर नेऊन ठेवा आणि सांडलेलं पुसून वाफ जाऊ द्या, कारण पुढे मुद्दाम ठिणगी पाडायची आहे. एचटी वायरीत 15 ते 30 हजार व्होल्ट असतात, आणि सीडीआयच्या प्रायमरीतही दोन-तीनशे व्होल्टचे धक्के असतात. सीडीआयच्या त्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, आणि त्या कॉइलला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट द्यायचे नाहीत. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामापासून लांब राहावं.

आता बॅटरी. चार्जिंग काढून काही तास शांत ठेवलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास असावी. 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं मोजमाप नंतर. सेल्फ मारताना ती 10 व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल, तर कॉइलला नेमकी गरज असताना पुरवठा मिळत नाही आणि ‘सेल्फने लागत नाही, ढकलली की लागते’ असा खेळ सुरू होतो. अशा गाडीत कॉइल निर्दोष असायची शक्यता जास्त.

कुठला सिलिंडर मरतोय ते शोधा. थंड इंजिन सुरू करून मिनिटाभरात सायलेन्सरच्या प्रत्येक बेंड पाइपवर पाण्याचे थेंब टाका. जिथे थेंब चरचरत नाही तो सिलिंडर काम करत नाही. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा दोनच कॉइली असतात, एक 1 आणि 4 ला, दुसरी 2 आणि 3 ला, आणि प्रत्येक कॉइल आपल्या दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देते. अशी जोडीच्या जोडी गळाली तर कॉइल, तिचा पुरवठा किंवा तिचे पॉइंट. जोडीतला एकच गळाला तर आधी प्लग, कॅप, वायर बघा, आणि तेही ठीक असतील तर कार्बोरेटर आणि व्हॉल्व्हकडे वळा. दोष कधी येतो तेही लिहून ठेवा. थंड असताना छान आणि वीस मिनिटांनी मिसिंग, थांबून गार झाली की पुन्हा छान, हे कॉइलचं ठरलेलं लक्षण आहे. पावसात किंवा धुतल्यावरच त्रास होत असेल तर कॅप आणि वायर. बारीक आयडलला नीट आणि जोर टाकला की फडफड होत असेल तर कमजोर ठिणगीचा संशय घ्यायला हरकत नाही, कारण थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

कॅपवर वेळ घालवा, तिथे फार काही सापडतं. कॅप वायरीवरून डावीकडे फिरवून काढा आणि दोन टोकांमध्ये ओहम मोजा. रेझिस्टर कॅप बहुतेक 5 हजार ओहमची असते. 12 हजार, 40 हजार किंवा आकडा स्थिरच होत नाही असं दिसलं तर ती फेका. आतला रेझिस्टर जळत जातो आणि कॉइलच्या नावाने बोटं मोडली जातात. कॅप निघालीच आहे तर वायरीचं टोक बघा: तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या असतील तर 5-6 मिलिमीटर कापून उजळ तांबं बाहेर काढा आणि कॅप पुन्हा पिळून घट्ट बसवा. वायर कॉइलमध्येच ओतलेली असेल तर कापताना हात राखून, कारण ती पुन्हा वाढणार नाही. मग अंधारात इंजिन चालू करून कॉइल, वायर आणि कॅपवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळसर रेषा धावताना दिसली किंवा टिकटिक ऐकू आली तर गळती तिथेच आहे. या परीक्षेला टाकी वर असते, म्हणून नळ आणि नळीला गळती नाही हे आधी बघा, आणि हात लांब ठेवा.

पॉइंट आणि टीसीआयच्या गाड्यांत पुढचं मोजमाप कुणी करत नाही आणि खरं दुखणं तिथेच असतं. बॅटरीतून निघालेला करंट चावी, किल स्विच आणि चार-पाच कनेक्टर ओलांडून कॉइलपर्यंत येतो. जुन्या वायरिंगमध्ये या वाटेत एक-दीड व्होल्ट सहज गळतो आणि तेवढ्याने ठिणगी लक्षात येण्याइतकी मंदावते. इंजिन बंद ठेवून पॉइंट मिटलेले राहतील असं क्रँक फिरवा, चावी लावा, किल स्विच ‘रन’वर ठेवा. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर लावा. दिसलेला आकडा म्हणजे वाटेतली गळती. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. जास्त असेल तर काळी पिन एकेक कनेक्टर मागे आणत जा. जिथे आकडा एकदम पडतो त्याच्या पुढचा जोड गुन्हेगार. करंट वाहत नसेल तर ही गळती दिसतच नाही, म्हणून पॉइंट मिटलेले हवेत. टीसीआयच्या बऱ्याच युनिट इंजिन थांबलं की कॉइलचा करंट आपणच तोडतात, तिथे मोजण्यापुरतं इग्नायटरकडचं टर्मिनल कॉइलवरून सोडवून जम्पर वायरने क्षणभर अर्थ करा. पॉइंट मिटलेले असोत किंवा जम्पर लावलेला असो, मोजलं की चावी लगेच बंद. 4 ओहमच्या कॉइलमधून 12 व्होल्टला 3 ॲम्पियर सतत वाहतात, म्हणजे 36 वॉटची उष्णता बंद डबीत. चावी चालू विसरून मेलेल्या कॉइली काही कमी नाहीत. गळती कनेक्टर साफ करूनही राहिली तर कॉइलसाठी बॅटरीवरून फ्यूज आणि रिले टाकून थेट पुरवठा द्या, किल स्विच रिले चालवेल.

पॉइंट असतील तर त्यांचं अंतर मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत 0.3 ते 0.4 मिलिमीटर. पॉइंट उघडताना मोठी, पिवळट ठिणगी दिसत असेल आणि टोकं भाजली असतील तर आधी कंडेन्सर बदला. मेलेला कंडेन्सर बाहेरून कमजोर कॉइलसारखाच वागतो आणि त्याची किंमत कॉइलच्या तुलनेत किरकोळ असते.

आता कुठे कॉइल. सगळ्या वायरी सुटलेल्या हव्यात. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावा, दिसणारे 0.2-0.4 ओहम प्रत्येक मापातून वजा करायचे, सीडीआयच्या कॉइलमध्ये तर हा फरक निकालच फिरवतो. प्रायमरी दोन बारीक टर्मिनलांमध्ये, एकच टर्मिनल असेल तर टर्मिनल आणि गाभ्यामध्ये. सेकंडरी एका एचटी वायरीच्या कॉइलला एचटी टोक ते प्रायमरी टर्मिनल किंवा गाभा, दोन एचटी वायरींच्या कॉइलला बहुतेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, कॅप काढून. कॅप लावूनच मोजलं आणि 25 हजार आले तर दोन कॅपचे 10 हजार वजा, कॉइलचे राहिले 15.

थंड कॉइलने दिलेला बरोबर आकडा हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. मीटर जेमतेम काही व्होल्टने मोजतो. तारेवरचं वार्निश फुटलं असेल तर ते हजारो व्होल्टलाच उघडं पडतं. सर्किट तुटलेलं दिसलं तर कॉइल नक्की गेली, एवढंच मीटर छातीठोकपणे सांगू शकतो. म्हणून हेअर ड्रायरने कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापवा आणि पुन्हा मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणून 50 अंश तापल्यावर 4 ओहमचे 4.8 झाले तर ते योग्यच आहे. आकडा खाली आला, नाचू लागला किंवा अनंत झाला तर दोष सापडला.

दोन कॉइली असतील तर अदलाबदलीइतकी खात्रीची परीक्षा दुसरी नाही. बारीक वायरी आणि प्लगच्या वायरी दोन्ही एकमेकींत बदला, किंवा कॉइलीच इकडच्या तिकडे लावा. मिसिंग दुसऱ्या जोडीवर गेलं तर दोष कॉइलचा किंवा तिच्या एचटी वायर-कॅपचा. जागच्या जागी राहिलं तर पॉइंट, कंडेन्सर, इग्नायटर किंवा कार्बोरेटर.

ठिणगी बघताना प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकलेली हवी आणि प्लगचं भोक फडक्याने झाकलेलं, नाहीतर तिथून येणारी वाफ पेट घेते. एचटी वायर हवेत मोकळी ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतून वाट काढते. उघड्या हवेत साध्या प्लगवर ठिणगी दिसणं फारसं सांगत नाही, 6 मिलिमीटरची फट ओलांडणारी जाड निळसर ठिणगी हवी. सावलीत बघा, उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही.

नवी कॉइल घेताना व्होल्टेज, इग्निशनचा प्रकार आणि प्रायमरीचे ओहम जुन्याशी जुळवा. ‘जास्त ताकदीची’ म्हणून कमी ओहमची घेतली तर 14 व्होल्टला 4 ओहममधले 3.5 ॲम्पियर 3 ओहममध्ये 4.7 होतात, पॉइंट लवकर जळतात, इग्नायटर तापतो आणि जुन्या अल्टरनेटरवरचा भार वाढतो. काही गाड्यांत पुरवठ्याच्या वाटेत करंट आटोक्यात ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो, तो काढून टाकून कमी ओहमची कॉइल थेट जोडली तर ती फार दिवस टिकत नाही. बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि एचटी वायरींची लांबीही मोजून न्या.

बसवण्याआधी जुन्या वायरींचा फोटो काढा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहा. प्लस-मायनस उलटं झालं तरी गाडी चालते, पण एका एचटी वायरीच्या कॉइलमध्ये प्लगच्या मधल्या टोकाचंही प्लस-मायनस उलटतं आणि ठिणगीला विनाकारण जास्त व्होल्टेज लागतं. सीडीआयमध्ये बोल्टखालचा रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत घासा, तोच अर्थ आहे. एम6 बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरे. रबरी वायसर असतील तिथेच परत घाला. एचटी वायरी सिलिंडर हेड आणि फ्रेमच्या धारेला घासणार नाहीत अशा वळवा, कॅपच्या रबरात आतून ग्रीसचा पातळ हात द्या. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा; वापरलेला परत बसवत असाल तर टेकल्यावर एक बारांश फेराच.

टाकी कायमची बसवण्याआधी ती तात्पुरती लावून गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालवा, बंद करून दहा मिनिटं उभी ठेवा आणि पुन्हा सुरू करा. उभ्या गाडीत वारा नसतो, इंजिनची सगळी धग टाकीखाली साठते आणि कॉइल तेव्हाच सर्वांत जास्त तापते. इथे लागली आणि साफ चालली तर टर्मिनलं एकदा हाताने ओढून बघा आणि टाकी बसवा. जुन्या कॉइलवर थंड आणि गरम असतानाचे ओहम लिहून चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढे कुणी ती ‘अजून चांगली आहे’ म्हणून दुसऱ्या गाडीला लावणार नाही.