परदेशात ड्रोन नेताय? या चुका टाळा

तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं पक्कं झालं की ड्रोन बॅगेत टाकायचा आणि नियम तिथं पोहोचल्यावर बघायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ड्रोनसाठी परवानगी एक नसते, तीन असतात. ड्रोन देशात आणायची एक, तो उडवणारा म्हणून तुमची एक, आणि ज्या जागेवरून उडवायचा त्या जागेची एक. एक मिळाली की तिन्ही मिळाल्या असं माणूस धरून चालतो आणि तिथंच अडकतो.

पहिलीच घ्या. मोरोक्कोत पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच अडवला जातो. इजिप्तमध्ये संरक्षण मंत्रालयाची परवानगी नसेल तर तो सोबत आणणंच बेकायदा आहे. भारतानं फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असेल, तर त्या देशाचं कस्टम्सही पार करावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. ड्रोन अडवलाच तर वाद घालू नका, पावती मागा. परतीचं विमान दुसऱ्या शहरातून असेल तर ते तिथल्या तिथं सांगा, नाहीतर तुम्ही एकीकडे आणि ड्रोन दुसरीकडे. निघताना स्वतःच्या देशाच्या कस्टम्सकडून ड्रोनचा अनुक्रमांक लिहिलेला कागद घेऊन ठेवला, तर तो तुम्ही बाहेरून विकत आणलेला नाही हे परतल्यावर दाखवता येतं.

दुसरी चूक वजनाची. '२५० ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे काहीच लागत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! युरोपीय संघात ड्रोन २४९ ग्रॅमचा असला तरी त्याला कॅमेरा असेल तर चालकाची नोंदणी लागते आणि तो क्रमांक ड्रोनवर चिकटवावा लागतो. एका सदस्य देशात केलेली ही नोंदणी बाकीच्या सदस्य देशांतही चालते, ब्रिटनमध्ये मात्र चालत नाही. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅमपासूनच नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला मनाई आहे, वजन कितीही असो. आणखी एक गोम बॅटरीची. काही छोट्या ड्रोनना जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी बसते, पण ती लावली की तोच ड्रोन २५० ग्रॅमच्या पुढे जातो आणि नियम बदलतात.

उंचीची चूक जाणती माणसंही करतात. युरोपात मर्यादा १२० मीटरची, पण ती ड्रोनला सर्वांत जवळ असलेल्या जमिनीपासून मोजायची असते. स्क्रीनवरचा आकडा असतो तो तुम्ही जिथून उडवला तिथपासूनचा. समजा तुम्ही कड्यावर उभे आहात. ड्रोन वर ६० मीटर चढवला आणि सरळ दरीवर लांब नेला. स्क्रीनवर अजूनही ६०च दिसतंय, पण खाली जमीन ३०० मीटरवर गेलीय आणि कडाही १२० मीटरहून लांब राहिलाय. नियम मोडला आणि तुम्हाला कळलंही नाही. डोंगरात कड्यापासून दूर जाऊ नका, उताराला धरून उडवा.

ड्रोन उडवायच्या ॲपचा नकाशा कोरा दिसतोय म्हणून तिथं मोकळीक आहे असंही समजू नका. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीनं जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत मनाईच्या जागी ड्रोन आपोआप अडवणारं आपलं सक्तीचं कुलूप काढलं. आता तिथं इशारा दिसतो, ड्रोन थांबत नाही. त्या देशाच्या हवाई प्राधिकरणाचा नकाशा आदल्या रात्री बघा आणि जागेच्या मालकाचा किंवा उद्यानाचा नियम वेगळा विचारा.

बॅटऱ्यांचं थोडक्यात: सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची मंजुरी लागते. आकडा बॅटरीवर छापलेला असतो. टोकं झाकून ठेवा.

आणि तिथं पोहोचल्यावर ड्रोन उडेना तर? तो ३० मीटरच्या वर चढत नसेल तर बहुधा ॲपमध्ये लॉग-इन झालेलं नसतं. विनानेटच्या जागी ते जमत नाही, म्हणून लॉग-इन आणि फर्मवेअरचं (ड्रोनमधल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट दोन्ही घरून निघण्यापूर्वीच उरका. होकायंत्र कॅलिब्रेट करायला सांगत असेल तर गाडी, लोखंडी कठडा, सळ्या भरलेला काँक्रीटचा ओटा यांपासून लांब जा, मग करा. बोटीवरून तर जपूनच. सिग्नल तुटला की ड्रोन होम पॉइंटकडे, म्हणजे बोट मघाशी जिथं होती तिथं परततो, आणि आता तिथं नुसतं पाणी असतं. बोटीवर असाल तेव्हा सिग्नल तुटल्यावर ड्रोननं काय करायचं, ती सेटिंग 'परत ये'वरून 'जागेवर थांब'वर न्या आणि बॅटरी अर्धी असतानाच त्याला हातात घ्या.