हिवाळ्यातला जर्मन सैनिक रंगवायचा कसा (पांढऱ्याची बाटली लांब ठेवून)

१/३५ ची फिगर (म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा मॉडेलचा सैनिक) साफ करणं, जोडणं वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. प्रायमर करडा मारा.

ब्रश उचलायच्या आधी साल ठरवा. १९४१-४२ करायचं असेल तर जाड पांढरा सूट विसरा, मॉस्कोसमोर पोचलेल्या पोरांकडे तो नव्हताच. फील्ड ग्रे (जर्मन गणवेशाचा हिरवट करडा) लोकरी ओव्हरकोट, हेल्मेटखाली डोकं-कान झाकणारी विणलेली नळी, कुणी चादर फाडून अंगावर घेतलेली, आणि पायात तेच खिळे ठोकलेले चामडी बूट, त्या खिळ्यांतून गारठा थेट तळव्यात जायचा म्हणून आत पेंढा नाहीतर वर्तमानपत्र कोंबायचे. डिसेंबर १९४१ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला लोकांकडून फर आणि लोकरीचे कपडे मागायची वेळ आली म्हणजे बघा. त्या हिवाळ्याचं पुढे पदक निघालं, सैनिक त्याला 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणायचे.

दोन्ही बाजूंनी घालायचा जाड सूट १९४२-४३ च्या हिवाळ्यातला, एक बाजू पांढरी, दुसरी उंदरासारखी करडी. करड्याऐवजी कॅमोफ्लाजवाले सूट त्यानंतर आले. आपण करतोय तो करडा-पांढरा.

चेहरा, बूट, रायफल नेहमीसारखं.

आता पांढरी बाजू. माझा पहिला सैनिक मी शुद्ध पांढऱ्याने रंगवला आणि वर काळा वॉश (घड्यांत उतरणारा अगदी पातळ रंग) फिरवला, कारण सगळे व्हिडिओ तेच सांगतात. बायको म्हणाली, हा केटरिंगवाला बंदूक घेऊन का उभा आहे? बरोबरच होतं तिचं. तो सूट आठवडेच्या आठवडे अंगावर असायचा, खंदकात लोळायचा, शेकोटीला टेकायचा, आघाडीवर धुणार कोण आणि वाळवणार कुठे?

म्हणून बेस कोट पांढरा नाहीच, पांढऱ्यात थोडा करडा आणि चिमूटभर मातकट रंग. पातळ करून चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, घाई करून जाड मारलात तर पांढरा दाणेदार होतो, मी तीन फिगर अशाच घालवल्यात. सावलीला काळा वापरू नका, प्लीज. करडा-तपकिरी घ्या आणि फक्त घड्यांच्या तळाशी सोडा. कापडाच्या थरांमध्ये अस्तर असल्यामुळे घड्या गोल, गुबगुबीत, तिथे सुईसारख्या रेघा मारल्या की सूट कागदाचा वाटतो. मळ सगळीकडे सारखा फासायचा नाही: कोपर, गुडघे, बूड, बाहीची टोकं, खिशांच्या कडा, पट्टा घासतो ती जागा. हूडच्या आत आणि मनगटाशी उलटी बाजू डोकावते तिथे करडा द्यायला विसरू नका, त्या एका गोष्टीने सूट दोन बाजूंचा वाटायला लागतो.

आणि माझा हट्टाचा नियम, बर्फ आधी, सैनिक नंतर. सैनिक ज्यावर उभा राहणार तो बर्फाचा तळ तयार करून फिगर त्यावर ठेवून रंग ठरवा. बर्फापुढे कापड मळकट दिसलंच पाहिजे, जुळलं तर चुकलं. बर्फाला खायचा सोडा सांगणाऱ्यांचं ऐकू नका, माझा दोन पावसाळ्यांत पिवळा पडला. पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून फेविकॉलमध्ये मिसळा, स्वस्त आणि मस्त.

पट्टा, काडतुसांच्या पिशव्या, गॅस मास्कचा डबा सगळं सूटवरून. बाहीवर रंगीत पट्टी बटणांना अडकवलेली असायची, समोरचे रशियनही पांढऱ्यातच, मग आपला कोण ते कळणार कसं, म्हणून पट्टीचा रंग बदलत राहायचे. मी लाल देतो, छान उठून दिसतो.

शेवटी मॅट व्हार्निश, पण भर पावसात नाही. दमट हवेत वर पांढुरकी साय धरते, आणि ती बर्फ म्हणून खपत नाही, मी करून बघितलंय.