श्री. रमेशचा ‘मेश’ कसा झाला: पायथनमध्ये स्ट्रिंग हाताळताना या चुका टाळा

“सर, स्ट्रिप चालतच नाही.”

नवी बॅच सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे वाक्य येतंच. आता मी स्क्रीनकडे न बघताच विचारतो, “आलेलं उत्तर कुठे ठेवलंस?” समोरचा गप्प. कारण नावाच्या मागचीपुढची स्पेस काढायला त्याने नुसतं ‘नाव.स्ट्रिप()’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढच्या ओळीत तेच जुनं, मागेपुढे स्पेस असलेलं नाव प्रिंट करून तो पायथनवर रुसलेला असतो. (फंक्शनची नावं इथे उच्चारानुसार लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजीतच करा.)

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, एकदा तयार झाली की बदलत नाही. स्ट्रिप, रिप्लेस, अप्पर, लोअर ही सगळी मंडळी मूळ स्ट्रिंगला हातही लावत नाहीत. नवी स्ट्रिंग तयार करून तुमच्यासमोर धरतात. ती घ्यायला तुम्ही हात पुढे केला नाही तर गेली. म्हणून ‘नाव = नाव.स्ट्रिप()’ असं लिहायचं. खरा घोळ त्यानंतर होतो. लिस्टचं सॉर्ट नेमकं उलट वागतं, ते लिस्ट जागच्या जागी लावतं आणि परत काहीच देत नाही. स्ट्रिंगचा धडा मिळालेला मुलगा उत्साहाने ‘यादी = यादी.सॉर्ट()’ लिहितो आणि यादीच्या जागी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळवतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शेजारीशेजारी करून बघा. मी तरी आता तसंच शिकवतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय एल-स्ट्रिप हा विषय कोणी गांभीर्याने घेत नाही.

ओळखीच्या एका पतसंस्थेची वार्षिक सभा होती आणि सभासदांना नोटिसा जायच्या होत्या. यादी एक्सेलमध्ये, प्रत्येक नावामागे ‘श्री.’, ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’. पाकिटाच्या साच्यात ‘श्री.’ आधीच छापलेलं होतं, त्यामुळे यादीतलं काढून टाकायचं होतं. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. एल-स्ट्रिप डावीकडचं काढतं, त्याला ‘श्री. ’ दिलं की झालं. पहिली दहा नावं तपासली. अनिल, अशोक, दत्तात्रय, बाळासाहेब, सगळे ठणठणीत. प्रिंट सोडली आणि चहाला गेलो.

परत आलो तर पाकिटं लावणारा मुलगा हसून हसून बेजार. रमेश पाटलांच्या पाकिटावर ‘श्री. मेश पाटील’. रवींद्रचा ‘वींद्र’. शरद मोरे तर नुसते ‘द मोरे’ उरले होते. शिरीषच्या नावाची सुरुवात अक्षराशिवाय लटकणाऱ्या वेलांटीने, तिच्याखाली ते ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ. श्रीमती सविता जाधव ‘मती सविता जाधव’ झाल्या होत्या.

झालं असं की स्ट्रिप आणि तिची भावंडं कंसात दिलेला शब्द काढत नाहीत. त्या शब्दातली अक्षरं म्हणजे एक पिशवी, असं ती समजतात. ‘श्री. ’ची पिशवी उघडली तर आत श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, टिंब आणि स्पेस. आता टोकापासून सुरुवात करायची आणि पिशवीत नसलेलं काही भेटेपर्यंत खात सुटायचं. ‘श्री. रमेश’मधली ‘श्री. ’ खाल्ली, पुढे र आला, तोही पिशवीत आहे, खाल्ला. मग म आला, तिथे थांबलं. राहिलं ‘मेश’. यादी अकारविल्हे असल्यामुळे र आणि श खाली होते आणि मी वरची दहाच नावं बघितली होती. चूक पायथनची नव्हती, घाईची होती.

यावर उपाय म्हणजे ‘रिमूव्ह-प्रिफिक्स’. २०२० साली आलेल्या पायथन ३.९ पासून ते आहे. ते नेमका शब्द सुरुवातीला असेल तरच काढतं, नाहीतर स्ट्रिंग जशीच्या तशी देतं. रमेशला धक्का नाही, श्रीमतींनाही नाही. काही जण “मग रिप्लेस वापरू की” म्हणतात. वापरा, टिंब विसरून नुसतं ‘श्री’ द्या, आणि ‘जयश्री’चा ‘जय’ आणि ‘श्रीकांत’चा ‘कांत’ झालेला बघा. रिप्लेस सापडेल तिथलं सगळं उडवतं, शब्दाच्या मध्येही आणि शेवटीही. तेव्हापासून माझी सवय अशी की कुठलीही यादी वरच्या दहा ओळींवर तपासायची नाही. वरच्या तीन, खालच्या तीन आणि मधल्या कुठल्याही चार घ्यायच्या. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, पण पाकिटं पुन्हा छापावी लागलेली नाहीत.

किरकोळ वाटणाऱ्या काही चुका भराभर सांगून टाकतो.

इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं. १२ आणि ८ ची बेरीज १२८ आली तर गणित नाही, तुमची इंटची, म्हणजे स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या फंक्शनची, सवय कच्ची आहे. गंमत म्हणजे इंटला देवनागरी अंकही कळतात. ‘१२’ असं मराठीत टाइप केलं तरी तो आकडा बाराच समजतो. मात्र दोन स्ट्रिंग म्हणून तुलना केलीत तर मराठी बारा आणि इंग्रजी बारा एकमेकांना ओळख देत नाहीत.

आकडे स्ट्रिंग म्हणून सॉर्ट केले तर १००चा नंबर २०च्या आधी लागतो.

स्ट्रिंगमध्ये शोधणाऱ्या फाइंडला काही सापडलं नाही तर ते उणे एक देतं, आणि इफच्या दृष्टीने उणे एक म्हणजे ‘हो’. अगदी सुरुवातीलाच सापडलं तर शून्य देतं, ते मात्र ‘नाही’. आहे-नाही एवढंच बघायचं असेल तर ‘इन’ वापरा.

दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का हे ‘इज’ने बघू नका. कधी जमतं, कधी नाही, आणि जमतं तेव्हाच जास्त घातक.

व्हॉट्सॲपवरून कोड कॉपी करू नका. वाटेत बऱ्याचदा सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असतात आणि पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर येते.

विंडोजवर मराठी फाइल उघडताना ओपनमध्ये एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८’ म्हणून स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर पायथन बऱ्याचदा विंडोजची जुनी चाल धरतं आणि तुमच्या मराठीच्या जागी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं येतात, नाहीतर फाइल वाचताना सरळ एररच येते. एक्सेलने ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह असतं. ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून बसतं. तिथे ‘यूटीएफ-८-सिग’ लिहायचं.

हे झालं किरकोळ. ज्या चुकीने माझी एक अख्खी दुपार खाल्ली ती मराठीखेरीज फारशी कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये तुम्हाला ती सापडणार नाही.

एका शेतकरी गटाच्या दोन एक्सेल फाइल जोडायच्या होत्या. दोन्हींत ‘शेतकऱ्याचे नाव’ हा कॉलम. एका फाइलवर कोड चालायचा, दुसरीवर की-एरर, म्हणजे असा कॉलमच नाही. डोळ्यांसमोर कॉलम दिसतोय आणि पायथन म्हणतोय नाही. आधी स्पेस असेल म्हणून स्ट्रिप केलं. मग फॉन्ट बदलला (फॉन्ट बदलून आजवर एकही बग सुटलेला नाही, तरी माणूस करतोच). मग एक विद्यार्थी म्हणाला, “सर, पायथनला मराठी येत नाही.” मलाही क्षणभर पटलं.

शेवटी दोन्ही नावांची लांबी काढली. नुसत्या ‘शेतकऱ्याचे’ या शब्दाची लांबी एका फाइलमध्ये १० आणि दुसरीत ११. तिथे ट्यूब पेटली.

आपला हा अर्धा र, ‘ऱ्या’मधला, युनिकोडमध्ये (लिपींच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्हींचं रूप हुबेहूब एक. कोणत्या कीबोर्डवरून टाइप झालं त्यावर आत काय आहे ते ठरतं. माणसाला फरक दिसत नाही, पायथनला तेवढाच दिसतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ही जोडी एक होत नाही, ते मी त्या दुपारी करून पाहिलं. ‘ॲड.’ची हीच कथा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, पण अनेक ठिकाणी अ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत टाइप होतं. वकिलांच्या यादीत निम्मे वकील सापडत नसतील तर आधी इथे बघा.

यावर एक शॉर्टकट सुचतोच: ते अदृश्य चिन्ह सरसकट उडवून टाकू. अजिबात नको. ते गेलं की उरतो र आणि हलन्त, त्याचा होतो रफार. जेवणाचे पैसे ‘आचाऱ्यांना’ द्यायचे होते, ते ‘आचार्यांना’ गेले. उडवायचं नाही, बदलायचं: र, हलन्त, जॉइनर हे तीन जिथे ओळीने येतील तिथे ऱ आणि हलन्त घालायचं. अ आणि चंद्र दिसले की ॲ. हे, नॉर्मलायझेशन आणि स्ट्रिप मिळून मी एक पाच-सहा ओळींचं फंक्शन करून ठेवलंय, नाव ‘साफ’. बाहेरून आलेली कुठलीही मराठी स्ट्रिंग आधी त्यातून जाते, मग पुढचं काम. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, म्हणून खरंच ‘साफ’ असंच लिहिलंय. सहकारी नाकं मुरडतात.

आत काय आहे ते बघायला ‘रेप्र’ वापरा. साधं प्रिंट अदृश्य चिन्ह अदृश्यच ठेवतं, रेप्र त्याच्या जागी बॅकस्लॅश आणि कोड दाखवतं. त्याहून सोपं, स्ट्रिंग एका लिस्टमध्ये टाकून ती लिस्ट प्रिंट करा, तेच दिसेल.

लांबीचा विषय निघालाच आहे तर, ‘महाराष्ट्र’ची लांबी किती? वर्गात कुणी चार म्हणतं, कुणी पाच. लांबी मोजणारं लेन सांगतं १०, कारण काना वेगळा मोजला जातो आणि हलन्तही. यूटीएफ-८मध्ये फाइलमध्ये लिहिलं तर ३० बाइट लागतात, देवनागरीच्या दर चिन्हाला तीन. म्हणून नावाचं पहिलं अक्षर हवं म्हणून शून्य क्रमांकाचं उचललं की ‘ज्ञानेश्वर’चं ‘ज’ येतं, ‘श्रीधर’चं ‘श’. ‘पुणे’ उलटं केलं तर पुढे टेकायला अक्षर नसलेली मात्रा, मग णु, मग प. पॅलिन्ड्रोमचा (उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या शब्दाचा) कोड इंग्रजी ‘मॅडम’वर चालला म्हणून मराठीवर चालेल असं समजू नका. ओळखपत्रावर नाव बसत नाही म्हणून बाराव्या चिन्हाला कापणारे कोड तर मी इतके पाहिलेत की त्यावर बोलवत नाही.

यातलाच आणखी एक सापळा म्हणजे इज-अल्फा. फॉर्ममध्ये “नावात फक्त अक्षरं हवीत” म्हणून सगळे तो लावतात. कमल, शरद, मदन सुटतात. सुनीता अडकते, कारण उकार, वेलांटी, काना यांना तो अक्षर मानत नाही. म्हणजे बिनकाना-बिनमात्रेची मंडळीच फॉर्म भरू शकतात. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात नमुना शोधायची सोय; तिच्यातल्या, शब्दातली अक्षरं ओळखणाऱ्या ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’लाही हाच रोग, तो ‘महाराष्ट्र’चे मह, र, ष, ट, र असे पाच तुकडे करतो. मी तिथे सरळ देवनागरीची हद्द देतो, युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा पट्टा. त्यात अंक आणि दंडही येतात, ते नंतर वेगळे काढतो. सुबक नाही, पण सुनीताचा फॉर्म भरला जातो.

आणि सॉर्ट. पायथन युनिकोडच्या क्रमाने लावतो, म्हणून ळ येतो ल आणि व यांच्यामध्ये, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर असतो. क्ष क च्या घरात, ज्ञ ज च्या घरात, आणि स्वतंत्र ॲ पार ह च्याही मागे. म्हणजे ‘ॲड.’ने सुरू होणारी सगळी नावं यादीच्या तळाला. तिथेही तो अ-आणि-चंद्रवाला वकील वरच बसलेला असतो, एकटाच.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण स्क्रीनचा फोटो पाठवू नका. मोबाइलने काढलेला तर नकोच. रेप्रचं आउटपुट कॉपी करून पाठवा. फोटोत मलाही तेच दिसणार जे तुम्हाला दिसतंय.