मिलिटरीची जुनी जिप्सी लिलावातून घ्यायची असेल तर

सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की आमच्या आर्वीकडं कोणीतरी विचारतेच, भाऊ ते मिलिटरीची जिप्सी सस्त्यात भेटते म्हणते, कुठून घ्या लागते? म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

जवळच्या पुलगावच्या लष्करी डेपोच्या गेटवर जाऊन काही होत नाही, तिथं दारूगोळा राहतो. आणि 'साहेब ओळखीचे आहे, टोकन द्या' म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा, आमच्या गावातल्या एका पोराचे असेच गेले, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे होते ते.

लष्कराचा माल जास्तीचा झाला, जुनाट झाला की निकामी झाला हे आधी कागदावर ठरते. त्याची उरलेली किंमत २ लाखाच्या वर असेल तर जाहीर लिलाव नाहीतर जाहिरात देऊन टेंडर, असं केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमात लिहिलेलं आहे. लष्कराचे बरेच लिलाव एमएसटीसीच्या ऑनलाइन पोर्टलवर होतात, ही पोलाद मंत्रालयाच्या हाताखालची १९६४ पासूनची कंपनी. आयएनएस विराट एवढी मोठी युद्धनौका तिच्याच ऑनलाइन लिलावातून ३८.५४ कोटीला भंगारात गेली, मग एका जिप्सीसाठी कोणता मागचा दरवाजा राहणार.

पोर्टलवर पॅन, बँक खातं देऊन नाव नोंदवा आणि कॅटलॉग पूर्ण वाचा. गाडी एकटी क्वचितच राहते, पाच-दहाचा लॉट असतो, म्हणून चौघं मिळून घेता आलं तर पाहा. बोलीच्या वर जीएसटी, टीसीएस (विकतानाच वसूल होणारा आयकर) धरा, आणि उचलायच्या तारखेनंतर जागाभाडं लागते तेही धरा. काही लॉटमध्ये सगळ्यात मोठी बोली तुमची असली तरी विकणाऱ्याची मंजुरी आल्याशिवाय माल तुमचा होत नाही, तोवर ट्रक ठरवू नका.

विक्री 'जसा आहे, जिथं आहे' अशी असते, मागून तक्रार चालत नाही. म्हणून पाहायच्या दिवशी मिस्त्री सोबत न्याच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोनेट उघडलं तर बॅटरी नाही, रेडिएटर नाही, कार्ब्युरेटरवर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, माझं मनच बसलं. मिस्त्रीनं तिकडं पाह्यलंही नाही, खाली बसून डिझेलचा बोळा घेऊन चेसिसवरचा गंज घासत राहिला, एकेक आकडा दिसेपर्यंत, आणि म्हणाला, "इंजिन कुठूनबी आणता येते बाप्पा, नंबर नाही आणता येत." कागदावरचा आणि लोखंडावरचा नंबर एक आकडा जरी चुकला तरी आरटीओत गाडी अडते.

आरटीओला गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज आणि त्यासोबत लष्कराकडून मिळालेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, लागते, झेरॉक्स नाही. भंगारवाल्याकडून दुसऱ्या हातानं घेत असाल तर हे मूळ कागद पाहूनच पैसे द्या. लॉटवर नुसतं भंगार लिहिलं असेल तर ती गाडी रस्त्यावर आणायचा विचार सोडा, सुटे भाग काढा. ताडपत्री, जनरेटर, तंबूही येतात लिलावात, शेतीला त्यांचाच जास्त उपयोग होते असं माझं मत आहे.

आता जे लिलावात येतच नाही ते. दारूगोळा विकत नाहीत, नष्ट करतात, नियमच तसा आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजीला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, ६ माणसं गेली, त्यात आपल्याच आसपासच्या गावचे मजूर होते. दारूगोळा नष्ट करतात अशा रेंजच्या जमिनीवर पितळ-लोखंड वेचायला लोकं जातात, मजुरी नसली की जातात हे मला माहीत आहे, पण किलोच्या भावासाठी नका जाऊ. नांगरताना दारूगोळ्यासारखं काही लागलं तर बैल तिथंच सोडवा, ट्रॅक्टर असेल तर बंद करून उतरा, वस्तू हलवू नका, लेकरांना लांब ठेवा, दुरूनच खूण करा आणि ११२ ला फोन लावा.