बुजरा घोडा: ताडपत्री, छत्री, डीजेची सवय लावताना या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजारात घोडा गर्दीत निवांत उभा होता आणि गावी आणल्यावर खळ्यातल्या निळ्या ताडपत्रीला बुजतो, ही तक्रार नेहमीचीच. विकणाऱ्याने फसवलं असं लगेच धरू नका. बाजारात त्याच्या दोन्ही बाजूंना घोडे होते, आणि सोबत असली की घोड्याला धीर असतो. तुमच्या दारी तो एकटा आहे, जागा नवी, माणसं नवी. पहिले दहा-पंधरा दिवस चारा, पाणी, खरारा आणि रोजचा फेरफटका, एवढंच ठेवा. ताडपत्री त्यानंतर.

ओढत वस्तूपाशी नेणं

एकाने लगाम ओढायचा, दुसऱ्याने मागून काठी उगारायची आणि म्हणायचं, “एकदा वास घेतला की भीती जाते.” वास तो घेतोही, पण त्याच्या डोक्यात बसतं वेगळंच: ताडपत्री दिसली की तोंड दुखतं आणि काठी बसते. दुसऱ्या दिवशी तो आणखी लांबूनच बुजतो.

सगळी मदार अंतरावर आहे. ताडपत्रीची चटईएवढी घडी करून मोकळ्या मातीच्या जागेत ठेवा, कडांवर माती टाका म्हणजे वाऱ्याने उडणार नाही. घोडा पंधरा-वीस मीटरवरून आणा. कान टवकारले, मान वर गेली, पाऊल थबकलं की ती त्याची हद्द. तिथून चार-पाच पावलं मागे या आणि मूठभर हिरवा घास द्या. चावत राहिला तर अंतर बरोबर. घास तोंडात धरून चावायचा थांबला तर अजून मागे. मग दोन पावलं पुढे जा आणि थांबा. मान खाली आली, नाकातून लांब श्वास सुटला की तो मागे फिरायच्या आत तुम्हीच त्याला वळवून लांब न्या. परत यायचं ते त्याच ठिकाणी किंवा पाऊलभर पुढे. एका वेळी दहा मिनिटं पुरे. दमलेला घोडा गप्प उभा राहतो आणि आपल्याला वाटतं तो शिकला.

अडून बसलेल्या घोड्यावर आणखी एक उपाय चालतो. दुसऱ्या माणसाने ताडपत्री जमिनीवरून ओढत लांब न्यायची आणि घोड्याने तिच्या मागे चालायचं. वस्तू आपल्यापासून पळतेय असं दिसलं की बरेच घोडे आपणहून नाक पुढे करतात. तिच्यावर पाय ठेवायला शिकवाल तेव्हा मात्र ती कोरडी आणि सपाट हवी. ओल्या प्लास्टिकवर नाल घसरतो, आणि सुटी कड खुरात अडकली की महिन्याची मेहनत वाया.

चुकीच्या क्षणी थांबणं

काठीला पिशवी बांधून हलवली, घोडा उडाला, माणसाने दचकून पिशवी खाली घेतली. घोड्याने हिशेब लावला: उडी मारली की पिशवी जाते. पिशवी तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगाने हलवत राहा आणि त्याचे पाय क्षणभर स्थिर झाले की लगेच खाली घ्या. पाय थांबतच नसतील तर सुरुवात फार जवळून झाली आहे. पिशवी हलवत हलवतच लांब जा, पाय थांबले की हात थांबवा.

मान वर आवळून धरणं

ताठ मानेचा घोडा रुबाबदार दिसतो, पण बुजताना ही पकड त्याला आंधळं करते. घोड्याला दोन्ही बाजूंचं पुष्कळ दिसतं. कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. पायाजवळची वस्तू नीट पाहायला त्याला डोकं खाली न्यावंच लागतं. दोर ढिला सोडा. उन्हातून अंधाऱ्या तबेल्यात नेतानाही उंबऱ्याशी थोडं थांबा, त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात.

सरावाला लगाम नको, मोहरकी (तोंडात कडी नसलेली, डोक्यावर चढवायची दोरी) आणि तीन-साडेतीन मीटरचा सुती दोर घ्या. काटेरी लगाम तर घरातही ठेवू नका. गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत त्याला बंदीच आहे. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोडा खुंट्याला बांधून सराव करायचा नाही. उभं राहायचं खांद्याशेजारी. समोर उभे राहिलात तर तो झेपावेल तुमच्याच अंगावर.

एकाच बाजूने सराव

डावीकडून छत्री उघडलेली चालते म्हणून उजवीकडून चालेलच असं नाही. दोन्ही बाजू वेगळ्या शिकवा. वस्तू फिरवून ठेवली, जागा बदलली तरी तो पुन्हा थबकू शकतो. त्यात हट्ट नसतो. रावेर-यावलकडे केळीच्या घडांवरच्या पिशव्या वाऱ्याने फडफडतात, तिथल्या बांधावरून नेण्याआधी तीच पिशवी घरच्या कुंपणाला लटकवून सवय करा.

वरातीच्या दिवशीच पहिला डीजे

हे थेट अपघाताला बोलावणं, आणि पाठीवर नवरदेव बसलेला. महिनाभर आधी घोडा दाणा खात असताना मोबाइलवर बँडचा आवाज लांबून, अगदी बारीक लावा. खाणं थांबलं नाही तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवा. मग स्पीकर, मग दिवे, आणि दोन्ही एकत्र सगळ्यात शेवटी. शेजारी एखादी सरावलेली म्हातारी घोडी उभी केली तर काम निम्म्याने सोपं होतं. फटाक्यांचं मात्र यजमानांना आधीच स्पष्ट सांगा: घोड्याजवळ नाहीत.

सगळं करूनही बुजतोच?

आधी दाणा बघा. काम नसताना हरभरा-मका भरपूर मिळत असेल तर अंगातली रग बुजण्यात निघते. दाणा कमी करून चारा वाढवा. खोगिराखाली पाठ दाबून पाहा, दात तपासून घ्या. काल चाललेला घोडा आज अचानक एकाच बाजूच्या वस्तूंना बुजायला लागला तर त्या बाजूचा डोळा बघा. पांढुरकी झाक, पाणी किंवा उन्हात डोळा मिटून घेणं दिसलं तर सराव थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. डोळ्याच्या आतल्या सुजेवर उपचार लांबले तर दृष्टी कायमची जाऊ शकते.