जहांगीर आर्ट गॅलरी पाहायला जाताना

मुंबईच्या काळा घोडा भागातील जहांगीर आर्ट गॅलरीत कायमस्वरूपी मांडलेला संग्रह नाही, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १९५२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूतील दालने चित्रकारांना ठरावीक मुदतीसाठी दिली जातात. प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, त्यामुळे कोणी वाखाणलेले चित्र पाहायचे असेल तर त्याच आठवड्यात जावे लागते.

प्रवेश विनामूल्य असून दालने सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळेत उघडी असतात. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चालत जाता येते; भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ पडते. वारांपैकी बुधवार किंवा गुरुवारची दुपार उत्तम. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी असते आणि चित्रांपेक्षा पाहुण्यांच्या पाठीच अधिक दिसतात. सोमवारी उशिरा पोहोचलात तर चित्रे भिंतीवरून उतरवून गुंडाळली जात असल्याचे पाहावे लागण्याची शक्यता असते.

दालनात शिरल्यावर चित्राशेजारची पट्टी लगेच वाचू नये. प्रथम एक फेरी न थांबता मारावी, मग पाय जेथे आपोआप रेंगाळले त्या दोन-तीन चित्रांकडे परत यावे. चार-पाच पावले मागे उभे राहून पाहिल्यावर जवळ जावे आणि थोडे बाजूला सरकून कॅनव्हासवर तिरपा उजेड कसा पडतो ते पाहावे. तैलरंग सुरीने थापलेला असेल तर त्याच्या कडा उंचावलेल्या दिसतात आणि समोरून सपाट वाटलेल्या निळ्या पट्ट्याखाली दडलेला तांबूस थरही कधीकधी डोकावतो. पट्टीवरील माध्यम आणि आकार यांची नोंद त्यानंतर वाचली की तिचा खरा उपयोग होतो. पट्टीवर लाल ठिपका असल्यास ते चित्र विकले गेले आहे असे समजावे.

या जागेचे खरे वैशिष्ट्य मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले असते. येथे बहुधा चित्रकार स्वतः हजर असतो आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहून कंटाळलेलाही असतो, म्हणून विचारायला संकोच करू नये. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न त्याने सकाळपासून अनेकदा ऐकलेला असतो, तो टाळावा. ‘हा खरखरीतपणा कशाने आणला?’ किंवा ‘आधी कोणता रंग लावला होता?’ असे विचारले की माणूस खुर्चीतून उठतो आणि चित्रापाशी येऊन बोट दाखवून सांगू लागतो. छायाचित्र काढण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. टेबलावरील अभिप्राय वहीत ‘छान’ एवढेच लिहून निघण्यापेक्षा कोणते चित्र आवडले ते लिहावे. त्या वह्या चित्रकार खरोखर वाचतात.

बाहेर पडल्यावर पदपथावर चित्रे मांडून बसलेल्यांकडेही नजर टाकावी. जवळच चौथऱ्यावर स्वार नसलेला काळा घोडा दिसतो, तो २०१७ मध्ये बसवलेला आहे. ज्याच्यावरून या भागाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच येथून हलवला गेला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

त्याच रस्त्याने रीगल चित्रपटगृहाकडे गेल्यास राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय लागते. १९११ मध्ये बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे आतून रूपांतर करून १९९६ मध्ये ते सुरू झाले. तेथे तिकीट काढावे लागते आणि सोमवारी ते बंद असते. एकावर एक रचलेल्या अर्धवर्तुळाकार दालनांतून पायऱ्या चढत घुमटाखाली पोहोचायचे असल्याने, दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहायची असल्यास पाय ताजे असताना आधी तेथे जावे आणि जहांगीर दुपारनंतर ठेवावे.