छोट्या लाइनीचा आरंभ कसा लिहून काढावा: डभोई–मियागामचा नमुना

आधी वहीत चार रकाने आखा: रूळ पडले, गाडी चालली, इंजिन आलं, इंजिन नेमानं धावू लागलं. ‘लाइन कधी सुरू झाली?’ या एका प्रश्नाची एवढी उत्तरं असतात आणि ती एकाच रकान्यात कोंबली की घोळ होतो. बडोदा संस्थानातल्या डभोई–मियागाम लाइनीचंच बघा. 1862 मध्ये अडीच फुटी (762 मिमी) लाइन सुरू झाली, भारतातली पहिली नॅरोगेज (अरुंद लाइन), पण डबे ओढायला बैल! 1863 मध्ये नीलसन कंपनीची इंजिनं घेतली, तर रूळ दर यार्डाला (तीन फुटांना) 13 पौंडांचे; इंजिनाचा भार त्यांना पेलेना. जड रूळ टाकल्यावर 1873 मध्ये इंजिनं नेमानं धावू लागली. तेव्हा 1862 म्हणणारा खोटा नाही आणि 1873 म्हणणाराही नाही, दोघांचे रकाने वेगळे.

प्रत्येक सालासमोर बडोद्याच्या गादीवर कोण होतं तेही लिहा. 1862 ला खंडेराव, 1873 ला मल्हारराव. बडोद्यात काही चांगलं दिसलं की सयाजीरावांच्या नावावर घालायची आपली सवय आहे. ते गादीवर आले 1875 मध्ये. चांदोद, बहादरपूरचे फाटे त्यांच्या काळातले.

जुन्या दप्तरात मोडी आणि विक्रम संवत भेटेल. गुजरातेतला संवत कार्तिक सुद 1 ला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला तिथपासून 31 डिसेंबरपर्यंतच्या तारखेला संवताच्या आकड्यातून 57 वजा करा, जानेवारीपासून आश्विन वद अमावास्येपर्यंत 56. संवत 1929 चा चैत्र म्हणजे 1873. डोळे झाकून 57 वजा केले तर वर्ष एकानं मागं जातं. महिना लिहिलेला नसेल तर साल पक्कं धरू नका, ‘1872–73’ असंच ठेवा.

आता लोखंड. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजायचा तो रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत नाही. आणि सरळ पट्ट्यात, कारण वळणावर तो मुद्दाम थोडा रुंद ठेवतात. यार्डाचे पौंड गुणिले 0.496 म्हणजे मीटरचे किलो. 13 पौंडी रुळाचं वजन मीटरला साधारण 6.45 किलो भरतं, म्हणजे 30 सेंमीचा तुकडा दोन किलोंच्याही आत. आजच्या मोठ्या लाइनीवर मीटरला 60 किलोंचा रूळ असतो! झिजलेला तुकडा हलका भरतो, तेव्हा आकडा थोडा वर धरा.

रुळाच्या पोटावर (डोकं आणि तळ यांमधल्या उभ्या भागावर) कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. ते रूळ घडवल्याचं साल, लाइनीचं नव्हे. मोठ्या लाइनीवरून काढलेले रूळ फाट्यावर टाकायची पद्धत जुनीच, त्यामुळे 1890 चा रूळ 1920 च्या लाइनीत सहज सापडतो. उलट, लाइनीहून नवा रूळ दिसला तर तो बदललेला आहे, एवढंच कळतं.

मोजमापाला चालू रुळांवर उतरू नका, परवानगीविना तो गुन्हा आहे. बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात टेप घेऊन जा. आधी विचारा, मग मोजा.